मंगळवार पेठेतलं एक मत दिल्लीत कसं पोचतं?

जून 2022 मध्ये मुंबईच्या विधान भवनात एक निवडणूक झाली. सहाव्या जागेसाठी दोन उमेदवार समोरासमोर होते. एकाला 33 मतं पडली, दुसऱ्याला 27. जिंकला तो 27 मतंवाला. फेरमोजणी नाही, नियमाला कुठे बगल नाही. उलट नियम काटेकोर पाळले म्हणूनच तो जिंकला. कोल्हापूरकरांना याचं अप्रूप आणखी एका कारणासाठी वाटावं: शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक हे दोघेही कोल्हापूरचे. जागा होती राज्यसभेची.

त्या रात्री मिरजकर तिकटीपासून खासबागेपर्यंत मंगळवार पेठेत ज्यांनी टीव्हीसमोर जागरण केलं, त्यांच्यापैकी बहुतेकांची समजूत अशीच होती की हा खेळ आमदारांचा, आपण फक्त बघे. प्रत्यक्षात त्यांच्या बोटावरची शाई नीट वाळलीही नव्हती. त्यांनी एप्रिलमध्ये दिलेलं मत जूनमध्ये विधान भवनात पोचलं होतं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख. गल्लीतला, तालुक्यातला, जिल्ह्यातला एखादा पुढारी देशाच्या संसदेत जातो तेव्हा त्याला दोन मोठी दारं असतात. एका दारावर लाखो माणसं उभी असतात, दुसऱ्यावर तीनशेहून कमी. आपलं मत या दोन्ही दारांवर हजर असतं.

पहिलं दार: लाखोंचं

मंगळवार पेठ विधानसभेला कोल्हापूर उत्तर मतदारसंघात मोडते. लोकसभेला मात्र तिची जोडी थेट चंदगडच्या डोंगराशी लागते. कोल्हापूर लोकसभा मतदारसंघ सहा विधानसभा मतदारसंघांचा आहे: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर. फुटबॉलवर जीव टाकणारी पेठ आणि काजूच्या बागांचा चंदगड यांचा खासदार एकच. आमदाराला यातला सहावा हिस्सा सांभाळून भागतं. खासदार व्हायचं तर उरलेल्या पाच ठिकाणी, जिथे आपला गाव नाही, भावकी नाही, तिथेही आपलं नाव पोचलेलं असावं लागतं.

हे नाव पोचतं कसं? पश्चिम महाराष्ट्राने त्यासाठी आपलं एक वेगळंच जाळं विणलं आहे. गावोगावच्या दूध संस्था, सेवा सोसायट्या, साखर कारखाना, जिल्हा बँक, पंचायत समिती, जिल्हा परिषद. दूध संस्थेत शेतकरी सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन येतो. कारखान्याशी त्याचा संबंध उसाची तोड मिळण्यापासून बिल हातात पडेपर्यंत वर्षभर असतो. या प्रत्येक संस्थेची निवडणूक होते, पॅनेल उभी राहतात, गट पडतात. पक्षाचं चिन्ह बदलतं, गट टिकतो. म्हणून इथे माणूस ‘अमुक पक्षाचा’ असण्याआधी ‘अमुक गटाचा’ असतो.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे सदाशिवराव मंडलिक. जन्म 1934 चा, गाव कागल तालुक्यातलं मुरगूड. कागलला सगळा जिल्हा राजकारणाचं विद्यापीठ म्हणतो, आणि तिथे पास होणं सोपं नाही. मंडलिक 1972 मध्ये आमदार झाले, पुढे 1985, 1990 आणि 1995 अशा सलग तीन वेळा. राज्यमंत्री झाले. हमीदवाड्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला आज त्यांचंच नाव आहे. दरम्यान 1980 पासून पाच निवडणुका कोल्हापूरची खासदारकी उदयसिंहराव गायकवाडांकडे होती. 1998 मध्ये मंडलिक काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले.

इथे आपल्या कायद्यातली एक नामी तरतूद भेटते. विधानसभा आणि संसद या दोन्ही सभागृहांत एकाच वेळी बसता येत नाही, हे पुष्कळांना माहीत असतं. पण आमदार खासदार म्हणून निवडून आला आणि त्याने 14 दिवसांत आमदारकी सोडली नाही, तर काय जातं? आमदारकी जाईल असं वाटतं. जाते ती खासदारकी! 1950 च्या नियमांनी मोठं पदच पणाला लावलं आहे. दिल्लीला जायचं तर गावचा दोर आधी आपल्या हाताने कापायचा. ज्याने तालुक्यात चार निवडणुका जिंकल्या, त्याने तो तालुका दुसऱ्याच्या हाती सोडून निघणं म्हणजे काय, हे कागलच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मागे राहिलेल्या जागेवर नवा आमदार येतो, त्याचा नवा गट होतो आणि पुढची वीस वर्षं त्याच गटाशी झुंजावं लागतं. मंडलिकांच्या तालमीत तयार झालेले हसन मुश्रीफ पुढे त्यांचेच तुल्यबळ प्रतिस्पर्धी झाले, ही गोष्ट जिल्ह्याला तोंडपाठ आहे.

1999 आणि 2004 मध्ये मंडलिक राष्ट्रवादीकडून निवडून आले. 2009 मध्ये पक्षाने उमेदवारी संभाजीराजे छत्रपतींना दिली. मंडलिक तेव्हा पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. घरी बसतील असं वाटणाऱ्यांना त्यांनी अपक्ष अर्ज भरून उत्तर दिलं.

अपक्ष लढणं म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. ते कोण असावेत? त्या मतदारसंघातले कोणतेही दहा मतदार. मंगळवार पेठेतल्या एका गल्लीतून, एका तालमीच्या कट्ट्यावरून ते मिळू शकतात. देशाच्या संसदेचा दरवाजा ठोठावायला दहा साध्या माणसांच्या सह्या पुरतात! पण खरी परीक्षा पुढे असते. पक्षाचं चिन्ह लोकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं बसलेलं असतं. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाच्या साधारण दोन आठवडे आधी. तेवढ्या दिवसांत सहा विधानसभा मतदारसंघांतल्या वाडीवस्तीवर, नव्या चिन्हाचं चित्र प्रत्येकाच्या मनात बसवायचं असतं. छापील पत्रकांनी ते होत नाही. त्यासाठी गावागावात आधीपासून माणसं असावी लागतात.

ती मंडलिकांकडे होती. समोर छत्रपती घराण्यातला उमेदवार, ज्या घराण्यापुढे कोल्हापूरकर आजही आदराने झुकतो, आणि पाठीशी एक बलाढ्य पक्ष. तरी 2009 मध्ये मंडलिक सुमारे 45 हजार मतांनी निवडून आले. त्या वर्षी अख्ख्या देशातून लोकसभेत अवघे नऊ अपक्ष पोचले, त्यांतले एक कोल्हापूरचे. चौथ्यांदा खासदार, आणि तेही तिसऱ्या ओळखीने: आधी काँग्रेस, मग राष्ट्रवादी, मग कोणीच नाही. 2015 मध्ये ते गेले. त्यांच्या कारकिर्दीने एक गोष्ट सिद्ध केली: कोल्हापूरच्या मतदाराला माणूस ओळखता येतो, मग कागदावर चिन्ह कोणतंही असो.

हार, जीत, हार

मंडलिकांनी 2004 मध्ये ज्यांना हरवलं, त्यांचं नाव आपण सुरुवातीलाच घेतलं आहे. धनंजय महाडिक तेव्हा शिवसेनेचे उमेदवार होते. मताधिक्य पंधरा हजारांच्याही आत होतं. महाडिक घराण्याचं जाळं वेगळ्या विणीचं. काका महादेवराव महाडिक विधान परिषदेत होते, गोकुळ दूध संघावर त्यांचा वर्षानुवर्षं शब्द चालायचा. धनंजय महाडिकांकडे सोलापूर जिल्ह्यातला भीमा सहकारी साखर कारखाना.

पुढचा पट एखाद्या लांबलेल्या कुस्तीसारखा आहे. 2014 मध्ये महाडिक राष्ट्रवादीतर्फे उभे राहिले आणि सदाशिवरावांचे पुत्र संजय मंडलिक यांना सुमारे 33 हजार मतांनी हरवून लोकसभेत गेले. 2019 मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. ‘आमचं ठरलंय’ या दोन शब्दांच्या घोषणेने ती निवडणूक गाजली. संजय मंडलिक शिवसेनेकडून दोन लाख सत्तर हजारांवर मताधिक्याने जिंकले. 2024 मध्ये शाहू छत्रपती आयुष्यातली पहिली लोकसभा काँग्रेसतर्फे लढले आणि त्यांनी संजय मंडलिकांना दीड लाखाहून अधिक मतांनी मागे टाकलं. म्हणजे 2009, 2014, 2019, 2024: चार निवडणुका, चार वेगळे खासदार. ज्या मतदारसंघाने एकेकाळी एकाच माणसाला पाच वेळा पाठवलं, तोच मतदारसंघ आता दर पाच वर्षांनी नवा कौल देतो. कोल्हापूरचा मतदार कोणाची जहागीर नाही, याला आणखी वेगळा पुरावा लागत नाही.

2019 मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास मतांनी पडलेला माणूस संसदेत परत जाईल कसा? इथे दुसरं दार उघडतं.

दुसरं दार: 284 मतांचं

त्याआधी दोन अरुंद वाटांची नोंद करायला हवी, कारण कोल्हापूरने त्याही चोखाळल्या आहेत. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे, प्रजा परिषदेच्या चळवळीतले. ते थेट संविधान सभेत बसले. ज्या सभेने देशाची राज्यघटना घडवली, तिच्या सदस्यांत पंचगंगेकाठचा हा माणूस होता. त्यांचा प्रवास पुढे उलट दिशेने झाला: दिल्ली पाहून ते शिरोळचे आमदार झाले, राज्यात मंत्री झाले. दुसरी वाट राष्ट्रपतींच्या नियुक्तीची. राज्यसभेत 12 सदस्य राष्ट्रपती नेमतात. 2009 मध्ये लोकसभेला हरलेले संभाजीराजे 2016 मध्ये याच वाटेने राज्यसभेत गेले.

त्यांची मुदत 2022 मध्ये संपली. पुन्हा जायचं तर आता निवडून यायला हवं होतं, आणि त्यांनी अपक्ष लढण्याची तयारी जाहीर केली. राज्यसभेच्या अर्जावरही दहाच सूचक लागतात. फरक इतकाच की हे दहा जण आमदार असावे लागतात. गल्लीतल्या दहा मतदारांच्या सह्या आणि दहा आमदारांच्या सह्या यांत किती अंतर आहे, ते तेव्हा दिसलं. मोठ्या पक्षांचा पाठिंबा जमेना आणि संभाजीराजेंनी मे महिन्याच्या अखेरीस माघार जाहीर केली. शिवसेनेने संजय पवार या जिल्हाप्रमुखाला, रस्त्यावरच्या कार्यकर्त्याला उमेदवारी दिली. भाजपने धनंजय महाडिकांना पुढे केलं. सहा जागा, सात उमेदवार. महाराष्ट्रात राज्यसभेसाठी प्रत्यक्ष मतदान व्हायची वेळ तब्बल 24 वर्षांनी आली होती.

मंगळवार पेठेचं मत तिथे आलं कुठून? कोल्हापूर उत्तरचे आमदार चंद्रकांत जाधव यांचं डिसेंबर 2021 मध्ये निधन झालं. 12 एप्रिल 2022 रोजी पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पत्नी जयश्री जाधव सुमारे 19 हजार मतांनी निवडून आल्या, शहराच्या पहिल्या महिला आमदार झाल्या. दोन महिन्यांच्या आत, 10 जूनला, त्या विधान भवनात मतपत्रिका हातात घेऊन उभ्या होत्या. एप्रिलमध्ये पेठेतल्या ज्या आजीने, ज्या कॉलेजच्या पोराने यंत्राचं बटण दाबलं, त्यांचा हात त्या मतपत्रिकेवर होता.

ती मतपत्रिका कशी असते? तिथे बटण नसतं, यंत्र नसतं. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या स्केचपेनानेच लिहायचं असतं, आपला पेन चालत नाही. उमेदवाराच्या नावापुढे 1, मग 2, मग 3 असा पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. आणि लोकसभेला जे पाप, ते इथे कर्तव्य: पक्षाच्या आमदाराने पेटीत टाकण्याआधी मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. 2003 पासून हे मतदान उघड आहे. पण दाखवायची ती फक्त आपल्याच प्रतिनिधीला. दुसऱ्याच्या नजरेस पडली तर मत बाद. त्या दिवशी नेमकी हीच तक्रार निवडणूक आयोगापर्यंत गेली, मोजणी कित्येक तास खोळंबली, मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू झाली. शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद ठरलं. वैध मतं उरली 284.

आता त्या गणिताकडे येऊ, कारण सगळी जादू तिथे आहे.

राज्यसभेच्या मोजणीत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत 100 धरतात. म्हणजे 284 मतांची किंमत 28,400. जागा सहा. त्यात एक मिळवून सातने भागायचं: 4,057. उरलेला अपूर्णांक सोडून त्यात 1 मिळवायचा: 4,058. हा झाला कोटा, जिंकायला लागणारी किंमत. सातनेच का भागायचं? पडताळून पाहा. सहा जणांना प्रत्येकी 4,058 दिले तर 24,348 होतात. उरतात 4,052. सातव्याला कितीही ओढाताण केली तरी 4,058 मिळूच शकत नाहीत. सहाच माणसं निवडून येतील, एकही जास्त नाही, याची हमी देणारा हा सगळ्यात लहान आकडा. किती नेमकं!

पहिल्या पसंतीची मोजणी झाली. भाजपचे पीयूष गोयल 48 आणि अनिल बोंडे 48, इम्रान प्रतापगढी 44, प्रफुल्ल पटेल 43, संजय राऊत 41. हे पाचही जण कोटा ओलांडून निवडून आले. राहिले पवार 33 वर आणि महाडिक 27 वर. आपल्या रोजच्या निवडणुकीच्या हिशेबाने पवार जिंकले असते.

पण इथे मत एकदा वापरलं की संपत नाही. गोयलांकडे 4,800 जमले, गरज 4,058 ची होती. वरचे 742 वाया घालवायचे नाहीत, ते मतदाराच्या दुसऱ्या पसंतीकडे द्यायचे. त्यांच्या 48 मतपत्रिका आहेत, म्हणून 742 ला 48 ने भागायचं. अपूर्णांक सोडला तर प्रत्येक मतपत्रिकेमागे 15. मत एकच, त्यातला मोठा भाग गोयलांना निवडून आणण्यात खर्ची पडला आणि उरलेले 15 पुढच्या माणसाकडे चालले. बोंडेंचंही तसंच. भाजपच्या या सगळ्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांची धरली, तर 48 गुणिले 15 म्हणजे 720, दोघांचे मिळून 1,440. महाडिकांचे स्वतःचे 2,700. बेरीज 4,140. कोटा पार!

पवारांचं काय? त्यांच्या बाजूच्या तिघांची शिल्लक याच रीतीने वाटून पाहू. प्रतापगढींच्या मतपत्रिकांमागे 7, पटेलांच्या मागे 5, राऊतांच्या मागे 1. सगळं त्यांनाच गेलं असं मानलं तरी 308, 215 आणि 41. पवारांच्या 3,300 मध्ये ते मिळवून होतात 3,864. कोट्यापेक्षा दोन मतांच्या किमतीइतकंही कमी नाही, 194 च कमी, पण कमी ते कमीच. शिवाय नियम असा की सगळ्यात मोठी शिल्लक आधी वाटायची. भाजपच्या दोघांची शिल्लक वाटून होताच सहावी जागा भरली.

म्हणजे 48-48 ही मतं आंधळेपणाने पडलेली नव्हती. पहिल्या दोघांना गरजेपेक्षा जास्त मतं देऊन तिसऱ्यासाठी शिल्लक तयार केली होती. भाजपचे स्वतःचे आमदार तेव्हा 106, तिघांना पडलेली मतं मात्र 123. वरची 17 अपक्ष, छोटे पक्ष आणि इतरांकडून आलेली. कोणता आमदार कोणाला एक आणि कोणाला दोन लिहील, याची आखणी आधीच कागदावर झालेली असते. पहाटे निकाल लागला. तीन वर्षांपूर्वी लाखोंच्या दारातून परतलेले धनंजय महाडिक 284 च्या दारातून संसदेत गेले.

तेच मत, तिसऱ्यांदा

गोष्ट इथेच संपत नाही. महिन्याभराने, 18 जुलै 2022 रोजी, राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. त्यातही आमदार मत देतात. राज्यसभेला ज्या मताची किंमत 100, तीच इथे महाराष्ट्रापुरती 175 होते. 1971 च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या, साधारण 5 कोटी 4 लाख, तिला 288 आमदारांनी भागायचं आणि पुन्हा हजाराने भागायचं की हा आकडा येतो. त्या वर्षी खासदाराच्या मताची किंमत होती 700. पेठेने एप्रिलमध्ये एकदाच बटण दाबलं. जूनपर्यंत त्यातून राज्यसभेच्या सहा सदस्यांच्या निवडीत वाटा उचलला गेला आणि जुलैत देशाच्या राष्ट्रपतींच्या. एका बटणाचा इतका लांब पल्ला आपल्या घटनाकारांनी ठरवून ठेवला आहे, आणि त्या सभेत आपले रत्नाप्पाण्णाही होते.

घटनेने ही दोन दारं मुद्दाम ठेवली आहेत. लोकसभा लोकांचं मन सांगते, आणि ते दर पाच वर्षांनी बदलू शकतं. राज्यसभा राज्यांची, म्हणून तिथे राज्याच्या आमदारांनी माणसं पाठवायची. तिचे एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, सभागृह कधीच बरखास्त होत नाही. एका दारातून हरलेला दुसऱ्यातून जातो याचा काहींना राग येतो. तो राग समजण्यासारखा आहे. पण दुसरं दारही आपल्याच मतावर चालतं, हे लक्षात घेतलं तर त्या रागाला योग्य जागा सापडते.

ती जागा म्हणजे विधानसभेची निवडणूक. आपण आमदार निवडताना रस्ता, पाणी, गटर, थेट पाइपलाइन यांचा विचार करतो, आणि तो करायलाच हवा. पण तोच माणूस आपल्या नावाने राज्यसभेची मतपत्रिका भरणार आहे आणि राष्ट्रपती निवडणार आहे. म्हणून पुढच्या वेळी दारात मत मागायला आलेल्या उमेदवाराला पेठेतल्या प्रत्येकाने एक जास्तीचा प्रश्न विचारावा: राज्यसभेची निवडणूक आली तर तुमच्या जांभळ्या पेनाचा एक नंबर कोणाला जाईल, आणि का? त्याचं उत्तर मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.